घोंगडीची लोकर आणि घरचे विणकाम

मराठीत ‘विणकाम’ हा एकच शब्द दोन निराळ्या कामांसाठी वापरला जातो. मागावर उभे-आडवे धागे एकमेकांत गुंतवून कापड तयार करणे हे विणकाम आणि सुयांवर एकाच धाग्याचे टाके घालत स्वेटर किंवा टोपी तयार करणे हेही विणकामच. पहिले काम कारागिराचे आणि दुसरे घरातल्या फावल्या वेळेचे, अशी शहरी समजूत आहे. सांगली, सातारा व सोलापूर जिल्ह्यांच्या कोरडवाहू पट्ट्यात मात्र मागावरचे विणकामही पिढ्यान्‌पिढ्या घरातच चालत आले. घोंगडी ही त्या घरकामाची निर्मिती होय. ती ज्या लोकरीपासून होते, त्या लोकरीला आज गिऱ्हाईक मिळेनासे झाले आहे. घरी हौसेने विणणाऱ्यांसाठी मात्र ही लोकर अनेक दृष्टींनी सोयीची आहे.

माळरान आणि मेंढी

कवठे महांकाळ हा सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण तालुका. कमी पाऊस, हलकी जमीन आणि विस्तीर्ण माळराने यांमुळे येथे मेंढपाळीचा व्यवसाय रुजला. तालुक्यातील आरेवाडीचे बिरोबाचे बन हे धनगर समाजाचे मोठे श्रद्धास्थान आहे, तर रांजणी येथे पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे.

या भागातील पारंपरिक मेंढी दख्खनी जातीची. ती काटक असते, लांबचा प्रवास सोसते आणि तिच्यापासून वर्षाला साधारण अर्धा ते पाऊण किलो लोकर मिळते. ही लोकर बहुधा काळी किंवा करडी आणि भरड असते. मेरिनो मेंढीच्या मऊ लोकरीचा तंतू साधारण 17 ते 23 मायक्रॉन जाडीचा असतो. दख्खनीचा तंतू त्याच्या दुपटीहून जाड भरतो. म्हणूनच ही लोकर अंगाला टोचते, पण घर्षण सोसते आणि वर्षानुवर्षे टिकते.

घोंगडी कशी तयार होते

मेंढ्या धुऊन वर्षातून साधारणतः दोनदा त्यांची लोकर कातरली जाते. रंगानुसार निवडलेली लोकर पिंजून तिचे पेळू करतात आणि चरख्यावर सूत काढतात. हे सूतकताईचे काम प्रामुख्याने स्त्रियांचे. उघड्या जागेवर खुंटे रोवून त्यांवर उभा ताणा पसरतात. धनगरांमधील घोंगडी विणणाऱ्या शाखेला ‘खुटेकर’ म्हणतात. सनगर समाजाचाही हा परंपरागत व्यवसाय आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड हे गाव घोंगड्यांसाठी ओळखले जाते.

ताण्याला चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजून, दळून व शिजवून केलेल्या या खळीमुळे केसाळ धागे एकमेकांत अडकत नाहीत आणि मागावर तुटत नाहीत. नवी घोंगडी ताठ लागते त्याचे एक कारण ही खळच. वापराने ती मऊ पडत जाते. विणणारा जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो आणि आडवा धागा फेकून तो ठोकून घट्ट बसवतो. कोकराच्या पहिल्या लोकरीपासून केलेली ‘जावळाची’ घोंगडी अधिक मऊ असते.

गिऱ्हाईक का उरले नाही

पानिपतसारख्या ठिकाणी जुन्या कपड्यांच्या पुनर्वापरातून तयार होणारी स्वस्त ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्याच्या चादरी यांनी घोंगडीची बाजारपेठ घेतली. दुसरीकडे, म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचे पाणी पूर्व भागात पोहोचले, बागायती क्षेत्र वाढले आणि चराईची जमीन आक्रसली. मटणाला मिळणाऱ्या दरामुळे शेजारच्या जत तालुक्यातील माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी, उंच व झपाट्याने वाढणारी मेंढी लोकप्रिय झाली. ती मांसासाठीच पाळली जाते. तिच्यापासून लोकर फारशी मिळत नाही.

परिणामी अनेक ठिकाणी कातरणीची मजुरी मेंढपाळाला पदरची द्यावी लागते आणि निघालेली लोकर टाकून दिली जाते. माग बंद पडला तरी तो पुन्हा उभारता येतो. सूत काढणारे हात थांबले की ते कसब नव्याने शिकवायला माणूस मिळत नाही.

घरच्या घरी आसन

भरड लोकरीचे विणकाम शिकण्यासाठी खड्ड्याचा माग लागत नाही. सुमारे 60 सेंटिमीटर लांब व 50 सेंटिमीटर रुंद अशी मजबूत लाकडी चौकट पुरते. समोरासमोरच्या दोन आखूड बाजूंवर एक-एक सेंटिमीटर अंतराने 40 ते 41 खिळे ठोकावेत. न ताणणारी सुती दोरी एका बाजूच्या खिळ्यावरून दुसऱ्या बाजूच्या खिळ्यावर अशी ओढत जावी. हा ताणा झाला. गाठींसह त्याला सुमारे 30 मीटर दोरी लागते. ताण सर्वत्र सारखा असावा.

आडव्या धाग्यासाठी जाड लोकरीचे सूत घ्यावे. पट्टीवर गुंडाळलेले हे सूत एका दोरीच्या वरून व पुढच्या दोरीच्या खालून न्यावे. परतताना हा क्रम उलटा करावा. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे सूत ताठ ओढणे. त्यामुळे कडा आत येतात आणि आसन मधे चिंचोळे होते. सूत कमानीसारखे सैल ठेवून मग कंगव्याने किंवा काट्याच्या चमच्याने खाली दाबावे. काळ्या, करड्या व पांढऱ्या लोकरीचे पट्टे आलटूनपालटून घेतले तर रंगवण्याची गरजच पडत नाही. शेवटी दोऱ्या खिळ्यांवरून काढून जोडीजोडीने गाठी माराव्यात.

सुयांवर विणण्याची सवय असलेल्यांनी या सुतासाठी 6 ते 8 मिलिमीटर जाडीच्या सुया वापराव्यात आणि आधी 10 सेंटिमीटरचा नमुना विणून टाके मोजावेत. नुसते सुलट टाके विणले तरी पिशवी, गरम भांड्याखालचे बसकर किंवा उशीचा अभ्रा चांगला होतो. तान्ह्या बाळाचे कपडे व स्वेटर यांसाठी मात्र मऊ लोकरच योग्य.

धुणे आणि जपणे

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे यांमुळे ते एकमेकांत अडकतात व वस्तू आटते. त्यामुळे लोकरीची वस्तू थंड पाण्यात सौम्य साबणाने, न पिळता धुवावी आणि सावलीत सपाट वाळवावी. लोकर पुष्कळ पाणी शोषते आणि सावकाश वाळते. ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार याच अनुभवातून आला आहे. कसर लागू नये म्हणून वस्तू मधूनमधून ऊन दाखवून, झटकून ठेवावी. घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालण्याची पद्धतही जुनी आहे.

लोकर विकत घेताना ‘हातकताईचे दख्खनी सूत’ असे स्पष्ट विचारून घ्यावे. सुताचे टोक जाळून पाहिल्यास जळत्या केसांसारखा वास येतो आणि चुरगळणारी राख उरते. कृत्रिम धाग्याचा मात्र वितळून कडक गोळा होतो. एका आसनासाठी लागणारी लोकर थोडीच असते. तरीही तेवढ्या मागणीने कातरलेल्या लोकरीला मोल येते आणि सूत काढणाऱ्या हाताला काम मिळते.