ओबेरॉन ते शल्की: माझगावच्या गोदीने दोनदा शिकलेली विद्या

१/
१९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढील सुमारे वीस वर्षांत ब्रिटनमध्ये ओबेरॉन वर्गाच्या २७ पाणबुड्या बांधल्या गेल्या. त्यांपैकी १३ ब्रिटिश नौदलाने ठेवल्या, ६ ऑस्ट्रेलियाने घेतल्या. कॅनडा आणि ब्राझीलने प्रत्येकी ३, तर चिलीने २. भारतालाही ओबेरॉन हवी होती, पण या यादीत भारताचे नाव नाही. ते का नाही, आणि त्यामुळे मुंबईतल्या एका गोदीच्या वाट्याला काय आले, त्याचा हा थ्रेड.

२/
प्रथम पाणबुडीविषयी. ओबेरॉन ही डिझेल-विद्युत पाणबुडी होती. पृष्ठभागावर असताना, किंवा हवा आत घेणारी स्नॉर्केल ही नळी पाण्याबाहेर काढून, ती डिझेल इंजिने चालवी आणि बॅटऱ्या भरून घेई. खोल पाण्यात इंजिने बंद होत व केवळ विजेची मोटार चाले. लांबी सुमारे ९० मीटर, पाण्याखालील विस्थापन सुमारे २,४०० टन. अत्यंत कमी आवाज हे तिचे वैशिष्ट्य होते. शत्रूची जहाजे कानोसा घेऊन पाणबुडी शोधतात. त्यामुळे शांतता हेच तिचे चिलखत. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटनच्या अणुपाणबुड्यांसोबत गेलेली एकमेव डिझेल पाणबुडी याच वर्गातली होती. तिचे नाव ओनिक्स.

३/
भारताला पाणबुडीची निकड का भासली? १९६४ मध्ये अमेरिकेकडून भाड्याने घेतलेली ‘गाझी’ पाकिस्तानी नौदलात दाखल झाली. १९६५ च्या युद्धात तिला मुंबईसमोरच्या समुद्रात पाळतीवर धाडण्यात आले होते. त्या वेळी भारताकडे एकही पाणबुडी नव्हती. पाणबुडीशी लढण्याचा सराव करायचा, तर नौदलाला परक्या देशाच्या पाणबुडीची वाट पाहावी लागे.

४/
तेव्हा संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. १९६२ च्या चीन युद्धानंतर महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून ते दिल्लीला गेले होते. नौदलाची घडण ब्रिटिश परंपरेत झालेली. भारतीय अधिकाऱ्यांनी पाणबुडीचे प्राथमिक धडेही ब्रिटनमध्येच गिरवले होते. साहजिकच पहिली मागणी लंडनकडे गेली. १९६४ च्या अखेरीस चव्हाण स्वतः ब्रिटनला गेले. परंतु भारताला परवडेल अशा कर्जाच्या अटींवर ओबेरॉन मिळण्याची चिन्हे दिसेनात.

५/
याच ब्रिटनने लिअँडर वर्गाच्या फ्रिगेट मुंबईत बांधण्यासाठी मात्र साहाय्य देऊ केले. त्या कामासाठी निवडलेली गोदी होती माझगाव डॉक. तिची मुळे १७७४ मधील एका छोट्या सुक्या गोदीपर्यंत पोहोचतात. १९६० मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्याच वर्षी, केंद्र सरकारने ती ताब्यात घेतली. तेथे बांधलेली पहिली फ्रिगेट ‘निलगिरी’ १९७२ मध्ये नौदलात आली. पाण्यावरची युद्धनौका बांधण्याचे धडे ब्रिटनकडून मिळाले. पाण्याखालच्या नौकेसाठी दुसरा गुरू शोधावा लागला.

६/
सप्टेंबर १९६५ मध्ये सोव्हिएत संघाशी चार पाणबुड्यांचा करार झाला. रक्कम दीर्घ मुदतीच्या हप्त्यांनी फेडायची होती. पहिली ‘कलवरी’ ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा बंदरात भारतीय नौदलात दाखल झाली; म्हणून ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. पुढच्या दोन नावांकडे मुंबईकरांनी लक्ष द्यावे: ‘खांदेरी’ आणि ‘करंज’. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा तो रोखण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी आपली जहाजे धाडली होती. करंज हे नाव मुंबईजवळच्या करंजा बेटावरून आले.

७/
पाणबुड्या आल्या, पण तयार आल्या. त्या चालवणे भारतीय नौदल शिकले. बांधणे मात्र परक्या गोदीतच राहिले. या दोन गोष्टींतले अंतर किती, हे समजण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र हवे. समुद्रात दर १० मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. २०० मीटरवर पोलादी कवचाच्या प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ २०० टनांचा भार येतो. हा भार कवच पेलते ते त्याच्या गोलाईमुळे. ती गोलाई किंचित बिघडली, तर त्याच जागी कवच दबू लागते.

८/
म्हणूनच पाणबुडीचे खरे काम वेल्डिंगचे असते. जाड पोलादी पत्रे वाकवून कडी करायची, आतून फासळ्या बसवायच्या, कडीला कडी जोडायची. जोडाच्या पोटात राहिलेला हवेचा बारीक बुडबुडा किंवा डोळ्यांना न दिसणारी चीर शोधण्यासाठी क्ष-किरणांनी तपासणी होते. जोड नापास झाला, तर तो खरवडून पुन्हा भरायचा. आराखडा विकत मिळतो, यंत्रेही मिळतात. वितळलेले पोलाद कसे वाहते आहे हे ओळखणारा हात मात्र वर्षानुवर्षांच्या सरावानेच तयार होतो.

९/
११ डिसेंबर १९८१ रोजी पश्चिम जर्मनीतील कील येथील एचडीडब्ल्यू या कंपनीशी करार झाला. चार पाणबुड्या ठरल्या: दोन कीलमध्ये, दोन माझगावात, आणखी दोनांचा पर्याय खुला. माझगावचे अभियंते आणि कामगार शिकायला कीलला गेले. इतिहासाचा विलक्षण योगायोग असा की, याच सुमारास, १८ जानेवारी १९८२ रोजी, शेजारच्या लालबाग-परळमध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यांतील असंख्यांना साचे पुन्हा कधी दिसले नाहीत. गिरणगावात पिढ्यांची कारागिरी विझत होती. थोड्याच अंतरावरच्या गोदीत एक नवी कारागिरी जन्म घेत होती.

१०/
कीलमध्ये बांधलेल्या ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ १९८६ मध्ये दाखल झाल्या. मुंबईत बांधलेली ‘शल्की’ ३० सप्टेंबर १९८९ रोजी पाण्यात उतरली आणि ७ फेब्रुवारी १९९२ रोजी नौदलात आली. भारतात बांधलेली ही पहिली पाणबुडी. तिच्यामागून २८ मे १९९४ रोजी ‘शंकुल’ आली. अपघात झाल्यास सर्व खलाशांना पृष्ठभागावर आणू शकेल असा पोलादी गोल या वर्गात बसवलेला आहे. गोदीने विद्या आत्मसात केली होती.

११/
पण पाचवी-सहावी पाणबुडी झालीच नाही. १९८७ मध्ये या व्यवहारात दलाली दिल्याचा आरोप झाला. संरक्षणमंत्री विश्वनाथ प्रताप सिंह यांनी चौकशीचा आदेश दिला आणि थोड्याच दिवसांत मंत्रिपद सोडले. पुढील पाणबुड्यांचा पर्याय बारगळला. पुढे सीबीआयने गुन्हा नोंदवला. कोणावरही दोष सिद्ध झाला नाही. चौकशी आवश्यकच होती. परंतु व्यवहारावरचा संशय आणि गोदीतले कौशल्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणी ध्यानात घेतले नाही. ‘शंकुल’नंतर पाणबुडी बांधणाऱ्यांना बांधायला पाणबुडीच उरली नाही.

१२/
पुढचा करार ६ ऑक्टोबर २००५ रोजी झाला. या वेळी फ्रेंच स्कॉर्पीन आराखड्याच्या सहा पाणबुड्यांचा. त्यांतील पहिली, नवी ‘कलवरी’, १४ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत दाखल झाली. ठरलेल्या वेळेपेक्षा अनेक वर्षे उशिरा. विलंबाची कारणे अनेक होती. पण एक साधा हिशेब करून पाहावा. १९८४ मध्ये ‘शल्की’चे काम सुरू झाले, तेव्हा पंचविशीत असलेला वेल्डर २०१७ मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा, निवृत्तीच्या उंबरठ्यावर होता. मधल्या काळात त्याच्या हाताखाली पाणबुडीच्या जोडावर घडायला हवी होती ती पिढी घडलीच नाही. जे कीलकडून शिकून झाले होते, ते नव्याने फ्रान्सकडून शिकावे लागले.

१३/
याची किंमत नौदलाने मोजली. ‘शंकुल’ ते नवी ‘कलवरी’ हे अंतर साडेतेवीस वर्षांचे. या काळात जुन्या सोव्हिएत पाणबुड्या एकामागून एक निवृत्त झाल्या. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत ‘सिंधुरक्षक’ स्फोटांनी बुडाली आणि १८ नौसैनिक प्राणांस मुकले. आधीच कमी असलेल्या ताफ्यातून आणखी एक पाणबुडी गेली. तिची जागा घ्यायला माझगावातून एकही नवी पाणबुडी बाहेर पडलेली नव्हती.

१४/
ओबेरॉन न मिळाल्याची कथा बहुधा राजकारणाची म्हणून सांगितली जाते: ब्रिटनने हात आखडला, मॉस्कोने पुढे केला. ते खरेच. परंतु ओबेरॉन मिळाली असती, तरी ती तयारच आली असती. बांधण्याची विद्या तिच्यासोबत आली नसती. ती १९८० च्या दशकात मुंबईत आली, आणि ती मात्र कोणा परक्या देशाने हिरावून घेतली नाही. पुढचे काम न मिळाल्याने ती विस्मरणात गेली.

१५/
स्कॉर्पीनपैकी सहावी आणि अखेरची ‘वागशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. त्या दिवशी माझगावच्या हाती पुढच्या पाणबुडीचा करार नव्हता; त्या बोलणीसाठी समोर होती पुन्हा कीलचीच गोदी. १९९४ मध्ये ‘शंकुल’ बाहेर पडली, त्या दिवशीही पुढचा करार नव्हता. या वेळी फरक एवढाच की, अशा रिकाम्या वर्षांची किंमत काय असते, हे गोदीला आणि नौदलाला आता ठाऊक आहे.