खासी शिएमांच्या सनदा व जिल्हा परिषद

खासी डोंगरांतील २५ संस्थानें १९४८ पर्यंत हिंदी संघराज्यांत सामील झालीं. शिएम, म्हणजे तेथील राजा, बहुधा आईकडील वंशांतून निवडला जाई व इंग्रज सरकार त्यास सनद देई. राज्यघटनेच्या सहाव्या परिशिष्टान्वयें १९५२ त तेथें स्वायत्त जिल्हा परिषद आली. जमीन, राखीव नसलेलें जंगल, वारसा, विवाह व शिएमांची नेमणूक यांविषयीं तिनें कायदे करावे, राज्यपालांनीं संमति द्यावी, अशी योजना होती.

१९५९ त परिषदेच्या कार्यकारी समितीनें मिल्लिएमचे शिएम जॉरमानिक यांस पदच्युतीची नोटीस देऊन निलंबित केलें. नेमणुकीचा कायदा अद्याप अमलांत नसतां हा अधिकार कोठून आला, हा त्यांचा प्रश्न हायकोर्टास पटला. परंतु १९६० त सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, शिएम आतां परिषदेचा अंमलदार; नेमणूक तिच्या कारभारांतली, म्हणून बडतर्फीही. परिषदेच्या जन्माआधींच गादीवर आलेल्या पुरुषाचा आक्षेप अगदींच टाकाऊ होता, असें आम्हांस वाटत नाहीं. वतनाच्या सनदा चाळणारांस हा फेर सहज उमगेल. मिल्लिएमच्या गादीचे १९५२ नंतरचे कागद शोधणाऱ्यानें दरबाराच्या जोडीस परिषदेचें दप्तरही पाहिलें पाहिजे.