पेट्रोलची जीप, डिझेलचं काळीज

आमच्या घरी एक जीप होती. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, गगनबावड्याच्या बाजूला डॉक्टर होते. डोंगरातल्या वाड्यांवर जायचं तर दुसरं वाहन नव्हतं. ही जीप त्यांनी सरकारी लिलावात घेतली होती. उंच बॉनेटची, तीन गिअरची, पेट्रोलवर चालणारी. १९८४ साली तिचं इंजिन काढून त्या जागी डिझेलचं बसवलं गेलं. त्या काळात महाराष्ट्रातल्या कितीतरी जीपांच्या वाट्याला हेच आलं. तुमच्यापैकी अनेकांनी अशी खडखडणारी जीप पाहिली असेल, कदाचित मागच्या फळीवर बसून प्रवासही केला असेल.

जीप मूळची अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धातली. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने मुंबईत माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९५३मध्ये विलीजने ‘हरिकेन’ नावाचं नवं पेट्रोल इंजिन बसवलेली सीजे-थ्री-बी जीप आणली. आधीच्या इंजिनाचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला असत. यात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह डोक्यावर गेले. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि बॉनेटही उंच करावं लागलं. जाणकारांना ती बेढब वाटायची. पण पुढे आपल्याकडच्या मेस्त्र्यांना डिझेल इंजिन आत मावण्यासाठी ही उंचीच उपयोगी पडली.

पेट्रोल स्वस्त होतं तोवर कुणाची तक्रार नव्हती. ऑक्टोबर १९७३मध्ये अरब-इस्राएल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव तिप्पट-चौपट झाला. आपल्याकडे पेट्रोल इतकं महागलं, की नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत आले. १९७९च्या इराणच्या क्रांतीनंतर दुसरा तडाखा बसला. भाव सरकार ठरवत होतं, आणि सरकारचा हिशेब साधा होता. पेट्रोल मोटारवाल्यांचं, त्यावर कर लावा; डिझेल एस.टी.चं, मालट्रकचं, शेतकऱ्याच्या पंपाचं, ते स्वस्त ठेवा. खेड्यातल्या डॉक्टरची जीप कोणत्या रकान्यात बसते, हा प्रश्न दिल्लीत कुणाला पडण्याचं कारण नव्हतं.

आमची जीप लिटरला सहा-सात किलोमीटर जायची, घाटात त्याहून कमी. अण्णा फी थोडी घेत, कधी घेतच नसत. पण पेट्रोल उधारीवर मिळत नसे. रात्री कुणी बोलवायला आलं की अण्णा आधी विचारत, ‘दुखणं कसं आहे?’ आणि मग आईकडे बघत. पेट्रोलचे पैसे कशात असतात ते तिला माहीत. पाहुण्याला सकाळपर्यंत थांबवता येईल का, याचा तो हिशेब असायचा. एकदा थांबवलं आणि सकाळी जाऊन उपयोग झाला नाही. अण्णा त्याबद्दल कधी बोलले नाहीत. पुढच्याच महिन्यात मात्र ते जीप घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेले.

आमचे मेस्त्री शेतातल्या पंपाची इंजिनं दुरुस्त करत मोठे झालेले. पश्चिम महाराष्ट्रात किर्लोस्करच्या इंजिनाचा ठोका ऐकला नाही असं गाव नव्हतं. डिझेल ही आमच्या मेस्त्र्यांची मातृभाषा होती म्हणा ना! अण्णांना ते म्हणाले, ‘डाक्टर, ह्ये हत्तीचं खाणं कुठवर पुरवायचं? डिझेल घालूया की.’

यात अडाणी धाडस होतं असं कुणी समजू नये. खुद्द महिंद्रनेच १९७५च्या सुमारास इंटरनॅशनल ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये बसवून विकायला काढलं होतं. १९७९मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून तिचं ‘एक्सडीपी ४.९०’ हे इंजिन आणलं. चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९० मिलिमीटर, म्हणून ते नाव. कारखान्याने नव्या गाड्यांत केलं तेच मेस्त्र्यांनी जुन्यांत केलं. आमच्यासाठी त्यांनी अपघातात सापडलेल्या एका मॅटॅडोरचं इंजिन आणलं. जर्मनीच्या मर्सिडीजच्या वंशातलं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी लागते. डिझेलमध्ये हवा कितीतरी पट दाबतात, ती तापते आणि फवारलेलं इंधन आपोआप पेटतं. तो दाब सोसायला सगळं जाडजूड ओतीव लागतं. वजन वाढलं, म्हणून पुढच्या पाट्यांत एकेक पान वाढवलं. इंजिन आणि जुना गिअरबॉक्स जोडायला मधे लोखंडी प्लेट कातून घेतली. हेच खरं कसबाचं काम, केसभर चुकलं तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. जीपच्या डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८. पेट्रोल इंजिन भराभर फिरतं म्हणून ते चालायचं. डिझेल सावकाश फिरतं, त्यामुळे आमची जीप ताशी साठच्या पुढे जाईना. बावड्याच्या रस्त्यावर त्याची गरजही नव्हती. आर.सी. बुकात पेट्रोलच्या जागी डिझेल अशी नोंद झाली, नवा इंजिन नंबर चढला.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. जुन्या जीपचा वायपर विजेवर चालत नसे, इंजिनाच्या ओढीने, व्हॅक्यूमवर चालायचा. डिझेल इंजिनाला हवा अडवणारी झडप नसते, त्यामुळे ती ओढच नसते. जूनच्या पहिल्या पावसात, घाटात, वायपर ढिम्म. मी शेजारी बसून हात बाहेर काढून फडक्याने काच पुसत होतो आणि अण्णा पहिल्या गिअरात जीप उतरवत होते. पुढे विजेचा वायपर बसवला.

पण ओढ्यात पाणी चढलं की पूर्वी ठिणगी भिजून जीप मधेच बंद पडायची, ते थांबलं. लिटरला अकरा किलोमीटर मिळू लागले. बोलावणं आल्यावर आईकडे बघणं बंद झालं, हे मला सगळ्यांत मोठं वाटतं. आवाज इतका, की वाडीवर पोचण्याआधी लोक कंदील घेऊन वाटेवर उभे असत. अण्णांना मात्र कान शांत व्हायला पाच मिनिटं ओसरीवर बसावं लागायचं, तोवर स्टेथॉस्कोपमधून काही ऐकू येत नसे. आणि तो काळा धूर! २०१२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. ते वाचताना मला जीपमागे धावणारी पोरं आठवली. त्यांत मीही असायचो.

आज हे करता येणार नाही. २०००च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाने, कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई केली. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. कारणही उरलं नाही. पेट्रोलचे दर जून २०१०मध्ये आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४मध्ये नियंत्रणमुक्त झाले, दोहोंतलं अंतर कमी झालं. मेस्त्र्यांचा तो धंदा बसला. त्यांच्या कलेचा कुठे कागद नाही, आराखडा नाही.

आता उलटा प्रवास चालू आहे. हौशी मंडळी जुन्या जीपा मूळ रूपात आणतात, डिझेल काढून पुन्हा ‘हरिकेन’ बसवतात, आणि त्यासाठी भंगारवाल्यांचे उंबरे झिजवतात. अण्णांची जीप अजून आमच्या परड्यात उभी आहे. गेल्या वर्षी पुण्याचे एक गृहस्थ ती बघायला आले. बॉनेट उघडलं, हळहळले आणि विचारलं, ‘मूळ इंजिन जपून ठेवलं असेल ना?’ मी त्यांना खरं ते सांगितलं. ते अण्णांनी उद्यमनगरातच वजनावर विकलं होतं, आणि डिझेलला मोठी बॅटरी लागते म्हणून त्या पैशांत ती घेतली होती.