मालमोटारीतील संगणक व दुरुस्तीचा अधिकार

1954 साली टेल्को व डाइम्लर-बेंझ यांच्या सहकार्याने जमशेदपूर येथे मालमोटारींची निर्मिती सुरू झाली. त्या इंजिनांत डिझेलचे प्रमाण पंपातील दट्ट्या व गव्हर्नर ठरवीत. बिघाड झाल्यास मिस्त्री पंप उघडून तो पाहू शके. पुढे धुरावरील निर्बंध कडक होत गेले. 1 एप्रिल 2017 रोजी भारत स्टेज-4 देशभर, म्हणजे परभणी जिल्ह्यातही, लागू झाले. तोवर अनेक मालमोटारींत हे काम संगणकाकडे गेले होते.

हा संगणक निकामी ठरविण्यापूर्वी बॅटरी, अर्थिंग व जोडण्यांवरील गंज तपासणे अगत्याचे असते. दोष पुष्कळदा तेथेच सापडतो. तथापि संगणक बदलावयाचाच झाल्यास नुसती पेटी बसवून भागत नाही. त्या विशिष्ट इंजिनाची माहिती व इंजेक्टरांचे सांकेतिक आकडे तीत भरावे लागतात. ते भरण्याचे साधन ज्याच्या हाती, दुरुस्तीचा अधिकार त्याचा. मानवत वा सेलूच्या बाजारात कापूस वाहणाऱ्या मालकाची गाडी ऐन हंगामात उभी राहिली, तर जवळचा कुशल मिस्त्रीही या साधनावाचून हतबल ठरतो.

सारांश, धुराचे नियमन साधले खरे. परंतु कारागिराच्या हातातील ज्ञान निर्मात्याच्या ताब्यात गेले, हे त्याचे मोल होय.