पाळकापासून बिशपपर्यंत : नगरच्या मंडळीची वाटचाल

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघाले की पांढरीच्या पुलानंतर घोडेगाव लागते. घोडेश्वरी देवीचे, जनावरांच्या बाजाराचे आणि कांद्याच्या लिलावांचे गाव. त्याच रस्त्यावर थोडे पुढे वडाळा बहिरोबा. 1857 साली अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. सॅम्युअल फेअरबँक वडाळ्यात राहायला आले. माणूस पक्षिनिरीक्षक होता. पलनीच्या डोंगरातल्या एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात आजही त्यांचे नाव आहे. पण नेवासे तालुक्यात ते स्मरणात राहिले ते खेड्यापाड्यांत लहान लहान मंडळ्या उभ्या करणारे साहेब म्हणून. आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या नाशिक धर्मप्रांताचा बिशप कोण होणार याची चर्चा चर्चच्या आवारात रंगते, तेव्हा मला या मंडळ्या आठवतात. बिशपपदाची आपली वाटचाल इथूनच सुरू झाली आहे, आणि ती फार लांबची आहे.

मिशनचे काम नगरला 1831 मध्ये सुरू झाले. पहिली मंडळी 1833 मध्ये स्थापन झाली. तिचा कारभार वीस वर्षे गोऱ्या मिशनऱ्यांच्या हाती होता. 1854 च्या अखेरीस बोस्टनहून मिशनच्या बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी आले. स्वतःचा खर्च स्वतः उचलणारी, स्वतःचा कारभार स्वतः पाहणारी आणि स्वतः प्रसार करणारी मंडळी हवी, असा त्यांचा आग्रह होता. त्याच सुमारास हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. हरिपंतांचा बाप्तिस्मा 1839 चा. म्हणजे पंधरा वर्षे त्यांनी उपदेशक म्हणून काढली, आणि मग मंडळी त्यांच्या हाती आली. या पंधरा वर्षांचे मोल मला फार वाटते. लोकांनी त्यांना उन्हातान्हात, अडीअडचणीत पाहिले होते.

कागदावरची स्वावलंबनाची कल्पना गावात आली तेव्हा मात्र तिची खरी परीक्षा झाली. या मंडळ्यांतले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजातले होते, बहुतेक भूमिहीन. धर्म बदलला म्हणून काही ठिकाणी त्यांचे बलुते बंद झाले. अशा घरांनी पाळकाचा पगार भरायचा! 1876 ते 78 चा दुष्काळ आला, पुढे 1899-1900 चा छप्पन्नचा दुष्काळ आला. अनाथ मुले मिशनच्या आश्रयाला आली, परदेशी मदतीने जीव वाचले आणि त्याच मदतीची सवयही लागली. पैसा बाहेरचा, त्यामुळे शेवटचा शब्दही बाहेरचा, ही गाठ पुढची कित्येक दशके सुटली नाही. रेव्ह. नारायण वामन टिळकांना ती सर्वांत जास्त बोचली. नगरमध्ये वर्षानुवर्षे काम केलेल्या या कवीने 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा उभा करायला घेतला. दोनच वर्षांत, 1919 मध्ये, ते गेले. दरबार फार चालला नाही. तरी पुढारीपण पगारातून येत नाही, हे नगरच्या ख्रिस्ती माणसाला त्यांनी कायमचे दाखवून दिले.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांत बिशप हे पदच नव्हते. मंडळीने आपला पाळक निवडायचा, सभासदांच्या सभेत निर्णय घ्यायचे, ही त्यांची रीत. बिशपची परंपरा अँग्लिकनांची. त्यांचा नाशिक धर्मप्रांत 1929 मध्ये झाला आणि पहिले बिशप होते फिलिप लॉइड, इंग्रजच. भारतीय अँग्लिकन बिशप देशाने त्याआधीच, 1912 मध्ये, व्ही. एस. अझरय्या यांच्या रूपाने पाहिला होता. नगरच्या मंडळ्या 1924 मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात गेल्या, तिथेही बिशप नव्हता. देश स्वतंत्र होण्याच्या वर्षी भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज सुरू केले आणि मोठी संस्था आपल्या हिमतीवर चालवता येते हे सिद्ध केले.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात युनायटेड चर्च आणि अँग्लिकनांसह सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्या दिवसापासून वडाळा-घोडेगाव पट्ट्यातल्या सभासदाच्या डोक्यावर प्रथमच बिशप आला. ही साधी गोष्ट नव्हती. सभेत हात वर करून पाळक निवडणाऱ्या घराण्यांनी बिशपचा हात डोक्यावर घ्यायचे कबूल केले, ते एका अटीवर: बिशप घटनेला बांधलेला राहील. गावात पास्टरेट कमिटी, वर धर्मप्रांताची कौन्सिल, त्यावर सिनॉड. या साऱ्यांच्या सोबतीने त्याने चालायचे. बिशपपद स्वीकारणारा माणूस अँग्लिकनांचा वारसा घेतो, तसा आमच्या सभेचाही घेतो. माझ्या मते अलीकडे दुसरा वारसा दुबळा झाला आहे. शाळा, दवाखाने, जमिनी आणि त्यांचे कोर्टातले दावे यांत बिशपांचा वेळ जातो, आणि खेड्यातल्या मंडळीला ते दृढीकरणाच्या विधीपुरते दिसतात.

कॅथलिक बंधूंची वाट वेगळी. पुण्यातून विभागून 15 मे 1987 रोजी त्यांचा नाशिक धर्मप्रांत झाला, नगर जिल्हा त्यात आला आणि थॉमस भालेराव हे येशूसंघीय धर्मगुरू पहिले बिशप झाले. भालेराव हे आडनाव बिशपच्या खुर्चीवर बसले, याचा आनंद आमच्या प्रोटेस्टंट घरांतही झाला.

स्त्रियांचे काय? अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या, जोतीराव फुल्यांनी त्या येऊन पाहिल्या आणि मग पुण्यात आपली शाळा काढली. ज्या जिल्ह्याला एवढा वारसा आहे, त्याने मुलींना पाळकपदाकडे धाडायला कचरू नये. ओडिशात फुलबनी धर्मप्रांताच्या बिशप म्हणून 2024 मध्ये व्हायोलेट नायक यांचा अभिषेक झाला. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या त्या पहिल्या स्त्री बिशप. नाशिकसाठीही असे नाव पुढे यावे.

म्हणून धर्मप्रांताच्या कौन्सिलवर जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना माझी विनंती आहे. बिशपपदासाठी नाव सुचवताना उमेदवाराची पदव्यांची यादी जरूर वाचा. पण त्याने किंवा तिने नेवासे, शेवगाव, राहुरीसारख्या तालुक्यातल्या एखाद्या गरीब मंडळीत किती वर्षे पाळकपण केले, हे आधी विचारा. निवड झाल्यावर पहिल्याच वर्षी गावोगावच्या पास्टरेट कमिट्यांबरोबर बसून वर्गणीचा आणि खर्चाचा हिशेब उघड मांडण्याचे वचन त्यांच्याकडून घ्या.