मायक्रोवेव्ह ओव्हन आणि भिंतीतल्या तारा

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या जाहिरातीत '८०० वॉट' असे छापलेले असते. पण त्याच ओव्हनच्या मागच्या पट्टीवर १२५० वॉटच्या आसपासचा आकडा आढळतो. यातला खरा कोणता? दोन्ही खरे. पहिला आकडा अन्नाला मिळणाऱ्या शक्तीचा, दुसरा घरातल्या तारांमधून घेतल्या जाणाऱ्या शक्तीचा. हे यंत्र घराघरात पोहोचायला जो वेळ लागला, त्यात या दुसऱ्या आकड्याचा मोठा वाटा आहे.

ओव्हनमध्ये सूक्ष्मतरंग निर्माण करणारा भाग म्हणजे मॅग्नेट्रॉन. त्याचा शक्तिशाली प्रकार इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी फेब्रुवारी १९४० मध्ये प्रथम चालवून दाखवला. उद्देश होता युद्धातील रडार. त्याच वर्षी हे तंत्र अमेरिकेला देण्यात आले. तेथे रेथिऑन कंपनीत मॅग्नेट्रॉनवर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातले चॉकलेट वितळल्याची गोष्ट प्रसिद्धच आहे. अन्न शिजवण्याच्या या पद्धतीच्या पेटंटसाठी त्यांनी ऑक्टोबर १९४५ मध्ये अर्ज केला.

१९४७ च्या सुमारास बाजारात आलेला पहिला ओव्हन माणसाएवढा उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाचा होता. मॅग्नेट्रॉन थंड ठेवण्यासाठी त्याला पाण्याचा नळ जोडावा लागे. वीज लागे सुमारे ३ किलोवॉट. हॉटेलांत तो चालला, पण घरात?

येथे थोडे गणित करू. अमेरिकेतील घरांत साध्या सॉकेटला सुमारे ११५ व्होल्ट मिळतात आणि तेथील तारा सहसा १५ अँपिअर प्रवाहासाठी असतात. म्हणजे जास्तीत जास्त ११५ × १५ = १७२५ वॉट. ३००० वॉटसाठी मात्र २६ अँपिअर हवेत. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून १५ ऐवजी २६ अँपिअर वाहिले तर उष्णता तिप्पट होते, आणि तीही भिंतीच्या आत, कोणाला न दिसता. अशा वेळी फ्यूज वितळतो, तो आपल्याला वाचवण्यासाठीच.

१९५५ मध्ये टॅपन कंपनीने घरगुती ओव्हन आणला. त्याची किंमत १२९५ डॉलर होती आणि त्याला २२० व्होल्टची वेगळी जोडणी लागे. व्होल्ट दुप्पट केले की तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह निम्मा पुरतो, हे खरे. पण त्यासाठी वायरमनला बोलावणे आले. पुढे लहान, हवेने थंड होणारे मॅग्नेट्रॉन तयार झाले आणि १९६७ मध्ये अमाना कंपनीचा ४९५ डॉलरचा ओव्हन आला. तो ओट्यावर मावत होता आणि ११५ व्होल्टच्या साध्या सॉकेटवर चालत होता. भिंतीतल्या तारा होत्या तशाच राहिल्या. त्यांना झेपेल असे यंत्र झाले.

आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने १२५० वॉटसाठी साडेपाच अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. जुन्या ५ अँपिअरच्या सॉकेटला तो जास्तच, ६ अँपिअरच्या सॉकेटला अगदी काठावरचा. म्हणून ओव्हनसाठी जाड पिनांचे १६ अँपिअरचे सॉकेट हवे. जाड पिन लहान सॉकेटात शिरत नाही, ती मुद्दामच तशी केलेली असते. अडॅप्टर लावून ती बसवणे म्हणजे ही सूचनाच झुगारणे. तिसरी पिन अर्थिंगची. ओव्हनच्या आत हजारो व्होल्ट असतात आणि बाहेरची पेटी धातूची असते. बिघाड झालाच तर पेटीवर आलेली वीज माणसातून न जाता अर्थिंगच्या तारेतून जावी, यासाठी ती असते.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घेता येईल. काचेच्या भांड्यात एक लिटर पाणी घेऊन त्याचे तापमान मोजा. पूर्ण शक्तीवर एक मिनिट तापवा, ढवळून पुन्हा मोजा. तापमानातील वाढीला ४२०० ने गुणून ६० ने भागले की पाण्याला मिळालेली शक्ती वॉटमध्ये मिळते. वाढ ११ अंश असेल तर उत्तर ७७० वॉट येईल. मग मागच्या पट्टीवरचा आकडा वाचायला सांगा आणि विचारा, उरलेली शक्ती कोठे गेली? ओव्हनमागच्या जाळीतून येणाऱ्या गरम हवेकडे कोणीतरी नक्की बोट दाखवेल.