गुरुदक्षिणेचा हप्ता

धुळ्याचे नाव निघाले की मराठीच्या अभ्यासकाला प्रथम आठवतात ते इतिहासाचार्य राजवाडे. १९२६ च्या अखेरीस ते गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ या शहरात उभे राहिले. त्यापाठोपाठ आठवतात ते समर्थवाङ्मयाची हस्तलिखिते जमवीत हिंडलेले शंकर श्रीकृष्ण देव, आणि १९३२ साली येथल्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलणारे विनोबा व ते बोलणे उतरून घेणारे साने गुरुजी. या सर्व परंपरेत विद्या देणाऱ्याने विद्येचा भाव सांगितला नाही आणि घेणाऱ्यानेही तो विचारला नाही. गुरुदक्षिणा हा शब्द आपण मराठी माणसे आजही जरा हळुवारपणे उच्चारतो, त्याचे मूळ अशा आठवणींत आहे.

याच शहरात गेली अनेक दशके दुसरीही एक विद्या गुरुमुखातून दिली-घेतली जात आहे. ती आयुर्विमा विकण्याची. तिला ग्रंथ नाही असे नव्हे. कायदा आहे, परीक्षा आहे, परीक्षेची पुस्तकेही आहेत. पण पुस्तक वाचून कोणी पॉलिसी विकू शकत नाही, हे त्या व्यवसायातला प्रत्येकजण सांगेल. अलीकडे ही विद्या शुल्क घेऊन शिकविणारे मार्गदर्शक निघाले आहेत. कोणी हॉटेलच्या सभागृहात दिवसभराचे शिबिर भरवितो, कोणी भ्रमणध्वनीवरून वर्षभर सल्ला देतो. नव्या प्रतिनिधीने असे पैसे मोजावेत काय, हा प्रश्न वरवर हिशेबाचा दिसतो. आमच्या मते तो इतिहासाचाही आहे. शिकवणी फुकट होती असे ज्या काळाबद्दल आपण मानतो, त्या काळीही तिचे पैसे कोणीतरी देतच होते. ते कोण, हे पाहिल्याशिवाय आजच्या शुल्काला महाग वा स्वस्त म्हणता येत नाही.

विमा ही मुंबईच्या पेढ्यांपुरती गोष्ट राहिली नाही, याचे श्रेय जिल्ह्याजिल्ह्यांत उभ्या राहिलेल्या स्वदेशी कंपन्यांना द्यावे लागते. १८७० च्या ‘बॉम्बे म्युच्युअल’नंतर आणि १८७४ च्या ‘ओरिएंटल’नंतर महाराष्ट्रातल्या लहान शहरांतूनही हा उद्योग रुजला. साताऱ्यास अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली काढलेली ‘वेस्टर्न इंडिया’ हे त्याचे ठळक उदाहरण. या कंपन्यांचे काम खाली गावापर्यंत पोहोचविणारी एक उतरंड होती. वर मुख्य एजंट, त्याखाली विशेष एजंट, आणि सर्वांत खाली दारोदार जाणारा साधा एजंट. वरच्या पायरीवरचा खालच्याला नेमी, शिकवी, आणि त्याने आणलेल्या धंद्यावर स्वतःचे वेगळे कमिशन घेई. १९३८ च्या विमा कायद्याने एजंटाला परवाना आणला आणि १९५० च्या दुरुस्तीने प्रत्येक पायरीच्या कमिशनाला कमाल मर्यादा घातली. साध्या एजंटाला सर्वसाधारण पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत आणि विशेष एजंटाला त्याच हप्त्यावर आणखी १५ टक्क्यांपर्यंत कमिशन देता येई. म्हणजे शंभर रुपयांच्या पहिल्या हप्त्यातले पन्नास या दोघांतच संपू शकत. शिष्याला काही द्यावे लागत नव्हते हे खरे. पण गुरूची दक्षिणा विमेदाराच्या हप्त्यातून वळती होत होती आणि विमेदाराला त्याचा पत्ताही नव्हता.

१९ जानेवारी १९५६ रोजी आयुर्विम्याचा कारभार सरकारने हाती घेतला. तेव्हाचे अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. मेघदूत मराठीत आणणारा हा संस्कृतज्ञ मुंबईच्या प्रश्नावर त्याच वर्षी जुलैत मंत्रिपदाचा राजीनामा देऊन मोकळा झाला, त्यामुळे १ सप्टेंबरला महामंडळ प्रत्यक्ष स्थापन झाले तेव्हा तो मंत्रिमंडळात नव्हता. मराठी माणसाने त्या वर्षाची आठवण काढताना ही गोष्ट विसरू नये एवढ्यासाठीच येथे नोंदविली. २४५ देशी-विदेशी विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था एकत्र आल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्या कायद्याचे ३६ वे कलम. मुख्य एजंट व विशेष एजंट यांचे सर्व करार त्याने संपविले आणि त्यांना भरपाई ठरवून दिली. शिष्याच्या मिळकतीवर जगणारा गुरू कायद्याने बाद झाला.

पण गुरूची गरज बाद होत नव्हती. जुन्या कंपन्यांचे निरीक्षक आणि संघटक महामंडळात ‘फील्ड ऑफिसर’ म्हणून आले, पुढे त्यांनाच ‘विकास अधिकारी’ हे नाव मिळाले. हा पगारी गुरू होय. डिसेंबर १९५७ मध्ये त्यांच्या वेतनाचा व सेवाशर्तींचा आदेश निघाला. त्या वर्तुळात तो ‘ब्लू ऑर्डर’ म्हणून ओळखला जातो आणि त्यावरून झालेले तंटे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. तंट्याचे मूळ एकच होते: शिकविणाऱ्याचा पगार त्याने शिकविलेल्यांच्या धंद्यावर अवलंबून ठेवावा की नाही? महामंडळाने कालांतराने उत्तर काढले ते खर्चाच्या प्रमाणाचे. अधिकाऱ्याच्या हाताखालच्या प्रतिनिधींनी वर्षभरात आणलेला हप्ता एका बाजूला मांडायचा आणि त्या अधिकाऱ्यावर झालेला खर्च दुसऱ्या बाजूला. प्रमाण मर्यादेत राहिले तर प्रोत्साहन बोनस, मर्यादा ओलांडली तर वेतनवाढ बंद, मग वेतनात कपात, आणि शेवटी नोकरीवरही गदा. मार्गदर्शनाची किंमत तोलणारा असा काटा विद्यापीठांना अजून सुचलेला नाही, हे आम्हां अध्यापकांचे भाग्यच म्हणायचे.

या पगारी गुरूचे खानदेशातले काम कसे चाले, हे पाहण्यासारखे आहे. साक्री, शिरपूर, शिंदखेडा या तालुक्यांत पैसा वर्षभर सारखा नसतो. कापूस विकला गेला की हाती रोकड येते, म्हणजे दिवाळीपासून संक्रांतीच्या पुढेमागेपर्यंत. उलट जिल्हा परिषदेच्या शिक्षकाकडे दरमहा पगार येतो आणि त्यातून परस्पर हप्ता कापून घेता येतो. नव्या प्रतिनिधीला पहिली शिकवण मिळे ती या पंचांगाची. कोणाला वार्षिक हप्ता सांगायचा, कोणाला पगारातून कापून घ्यायला लावायचे, वयाच्या पुराव्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला आधी मागायचा की शेवटी. मोटारसायकलवर मागे बसून तो साहेबाबरोबर गावी जाई. ओट्यावर बसल्यावर साहेब विम्याचा शब्द काढीत नसे. आधी पाऊसपाणी, मग बोंडअळी, मग पोरीची सोयरीक, आणि हे सारे अहिराणीत. घरधन्याला ‘आबा’ म्हणायचे की ‘नाना’, हे गावात शिरण्यापूर्वी विचारून ठेवलेले असे. अर्ज पिशवीतून बाहेर येई तो दुसऱ्या चहाला, आणि पुष्कळदा दुसऱ्या भेटीला. पहिल्या काही घरी साहेब बोले व शिष्य ऐके, पुढे शिष्य बोले व साहेब ऐके. धडा पुरा झाल्याची खूण एवढीच की एके दिवशी साहेब बरोबर येत नसे.

ही व्यवस्था गोड होती असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वर्षअखेर जवळ आली की खर्चाचे प्रमाण सांभाळण्यासाठी मिळेल त्याला प्रतिनिधी करण्याची घाई होई. नोकरीत असलेल्या माणसाचा धंदा बायकोच्या नावावर चाले. आणि नवशिक्याला दिली जाणारी सर्वांत पहिली सूचना कोणती? ‘नातेवाइकांची यादी कर.’ मामा, मावसा, साडू, भावकीतले काका यांच्या पॉलिसींवर पहिले वर्ष निघून जाई. दुसऱ्या वर्षी यादी संपे. तोवर कला अंगी आली नसेल तर प्रतिनिधी घरी बसे आणि त्याने उतरविलेले विमे मागे राहत. त्या व्यवसायात त्यांना अनाथ पॉलिसी म्हणतात. शब्द विमेवाल्यांचा आहे, पण कोणत्याही कवीने हेवा करावा असा आहे. हप्त्याची आठवण करून द्यायला कोणी येत नाही, पॉलिसी बंद पडते, पैसे अडकतात, आणि लग्नकार्यात मामा बोलत नाही. मार्गदर्शनाचा खर्च मांडताना वहीत न चढणारी रक्कम ती हीच. सोयऱ्यांमधली पत एकदाच खर्च करता येते.

ही जुनी घडी १९९९ नंतर विसकटली. विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा झाला, खासगी कंपन्या आल्या, आणि २००० च्या नियमांनी नव्या प्रतिनिधीला शंभर तासांचे प्रशिक्षण सक्तीचे केले. पुढे ते तास पन्नासावर आले, आणि २०१६ पासून परवान्याऐवजी कंपनीने स्वतः नेमणूक करण्याची पद्धत सुरू झाली. वर्गातले तास घटत गेले आणि मागे बसवून गावी नेणारा साहेब आता सगळीकडे मिळत नव्हता. खासगी कंपन्यांतले व्यवस्थापक स्वतःच वरचेवर नोकऱ्या बदलत. या पोकळीत शुल्क घेणारा मार्गदर्शक शिरला. त्याला सरसकट ठक म्हणणे अन्याय्य होईल. कित्येकजण वीस-वीस वर्षे पायी हिंडलेले जुने प्रतिनिधी आहेत आणि त्यांच्यापाशी सांगण्यासारखे खरोखर असते.

आता हिशेब करू. समजा मार्गदर्शकाचे शुल्क पंधरा हजार रुपये आहे, आणि पहिल्या हप्त्यावर प्रतिनिधीला पंचवीस टक्के कमिशन मिळते. तर ते शुल्क भरून काढायला साठ हजारांचा पहिला हप्ता आणावा लागेल. वर्षाला बारा हजार भरू शकणारी पाच घरे. धुळ्याच्या नवशिक्याला ही पाच घरे कोठे मिळणार? नातेवाइकांच्या यादीतच. म्हणजे यादी संपल्यावर काय करावे हे शिकण्यासाठी दिलेले शुल्क यादीतली पहिली पाच नावेच गिळून टाकते. कमिशनातला वाटा सोडून गिऱ्हाईक मिळविण्याचा मोहही याच वेळी होतो. तो १९३८ च्या कायद्याच्या ४१ व्या कलमाने निषिद्ध आहे. त्याचा दंड पूर्वी पाचशे रुपयांपर्यंत होता, २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो दहा लाखांपर्यंत होऊ शकतो. पहिला हप्ता स्वतःच भरून टाकणाऱ्या नवशिक्याला हे कलम कोणी शिकविते की नाही, यावरून आम्ही मार्गदर्शकाची परीक्षा करू.

रकमेपेक्षा आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा फरक. विशेष एजंट लोभी असेल, पण शिष्य बुडाला तर त्याचे वरचे कमिशनही बुडे. विकास अधिकारी पगारी असला तरी शिष्यांचा धंदा आटला की त्याचे प्रमाण बिघडे. शुल्क आगाऊ घेणाऱ्याला शिष्य बुडाल्याने काहीच होत नाही. उलट गळती जितकी मोठी तितके नवे शिष्य अधिक. २०१५ च्या दुरुस्तीने मुख्य व विशेष एजंटांची पद्धत खासगी कंपन्यांनाही बंद केली आणि माणसामागे माणूस जोडून कमिशन खाण्याच्या साखळीवरही बंदी घातली. शिष्याच्या धंद्यात गुरूचा हिस्सा असण्याचा तोटा कायद्याने ओळखला. तो हिस्सा मुळीच नसण्याचा तोटा ओळखणे शिष्याच्याच शहाणपणावर राहिले आहे.

म्हणून आम्हांला अलीकडची एक घटना लक्षणीय वाटते. ९ डिसेंबर २०२४ रोजी पानिपत येथे ‘विमा सखी’ योजनेचा आरंभ झाला. दहावी उत्तीर्ण स्त्रियांना महामंडळाचे प्रतिनिधी करून तीन वर्षे विद्यावेतन द्यायचे, अशी ती योजना. पहिल्या वर्षी दरमहा सात हजार, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी पाच. सर्व मिळून दोन लाख सोळा हजार रुपये, आणि कमिशन वेगळे. येथे दक्षिणेची दिशाच उलटली आहे, शिकणाऱ्याला पैसे मिळतात. अर्थात ते पैसेही शेवटी विमेदाराच्या हप्त्यातूनच येणार. पण ते अटीवर मिळतात. वर्षाला चोवीस जणांचा विमा उतरविला पाहिजे, आणि दुसऱ्या वर्षीचे वेतन पुढे चालू राहायचे तर पहिल्या वर्षीच्या पॉलिसींपैकी ६५ टक्के चालू असल्या पाहिजेत. चोवीसातल्या सोळा.

साक्री तालुक्यातल्या एखाद्या विमा सखीला ही सोळा घरे सांभाळायची आहेत. त्यांतली काही पगारदारांची असतील, त्यांची तिला फारशी काळजी नाही. उरलेली कापूसवाल्यांची. दिवाळीनंतर वेचणी कशी होते, भाव काय निघतो, व्यापारी पैसे रोख देतो की पुढच्या महिन्याचा वायदा करतो, हे तिला प्रत्येक दारी जाऊन विचारावे लागेल, आणि तेही हप्त्याची मुदत टळण्याआधी.